माघार कोणाची? : 'बॅक डाउन', 'बॅक आउट' आणि मुळशी

इंग्रजीत शरीराच्या अवयवांवरून जी क्रियापदे झाली आहेत, त्यांत 'बॅक' हे मोठे चमत्कारिक क्रियापद आहे. मूळ शब्दाचा अर्थ पाठ. त्याला 'अप' जोडले की अर्थ होतो एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे. 'डाउन' जोडले की आपण ठामपणे मांडलेल्या भूमिकेवरून, समोरच्याच्या दबावाखाली, खाली येणे. 'आउट' जोडले की दिलेल्या शब्दातून किंवा ठरलेल्या व्यवहारातून अंग काढून घेणे. आणि 'ऑफ' जोडले की भिडण्याच्या बेतात असताना थोडे दूर सरणे किंवा दुसऱ्याची पाठ सोडणे. एका पाठीला चार चिमुकली उपपदे लागतात आणि पाठराखणीपासून विश्वासघातापर्यंतचा सारा पल्ला त्यांत बसतो.

मराठी वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र यांतली शेवटची तिन्ही क्रियापदे एकाच दारातून आत येतात. सरकारने भूमिका बदलली, माघार. गुंतवणूकदाराने करार मोडला, माघार. सैन्य दोन किलोमीटर मागे सरले, माघार. उमेदवाराने मुदतीच्या आत अर्ज परत घेतला, तीही माघारच. शब्द छोटा आहे, मथळ्यात बसतो आणि कानाला खणखणीत लागतो. त्याची सोय कोणी नाकारणार नाही. पण ज्या शब्दाने सगळेच मागे येणे सांगता येते, त्या शब्दाने कोण मागे आले, कशापासून आले, कोणी आणले आणि मागे येताना त्याच्या पायाखाली काय होते, हे सांगायचे राहून जाते. ही नुसती भाषाशुद्धीची तक्रार नाही. जिथे पाण्याने गावे गेली आणि इतिहासाने त्या गावांच्या नावावर एकच 'माघार' लिहून ठेवली, अशा मुळशीचे उदाहरण समोर ठेवून हा मुद्दा मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

आधी इंग्रजी क्रियापदांचा अर्थ थोडा नीट पाहू. 'बॅक डाउन' व्हायला आधी कोणीतरी उभे ठाकलेले असावे लागते. वाद, आव्हान, मागणी किंवा धमकी असल्याखेरीज हे क्रियापद वापरता येत नाही. पावसामुळे सहल रद्द करणारा माणूस 'बॅक डाउन' करत नाही. मालकाने डोळे वटारल्यावर पगारवाढीची मागणी सोडून देणारा कामगार करतो, आणि संपापुढे नमणारा मालकही करतो. 'बॅक आउट'ला वादाची गरज नाही. त्याला आधी दिलेला शब्द लागतो. म्हणून 'बॅक डाउन' करणाऱ्याला भित्रा म्हणतात आणि 'बॅक आउट' करणाऱ्याला बेइमान. 'बॅक ऑफ'मध्ये हार नसते. तो श्वास घेण्यासाठीचा दुरावा असतो, आणि आज्ञार्थी वापरले तर ती आक्रमकालाच दिलेली तंबी असते. यांच्याच शेजारी 'फॉल बॅक' आहे. हे लढाईतले क्रियापद, पुढचे ठाणे सोडून मागच्या ठाण्यावर येणे. त्याच्यापुढे 'ऑन' लावले की मात्र अर्थ बदलतो, अडचणीच्या वेळी हाताशी असलेल्या शिल्लकीचा आधार घेणे. मागे येणे आणि मागे काहीतरी असणे, या दोन गोष्टींचा संबंध इंग्रजीने असा एका शब्दाच्या अंतरावर ठेवला आहे. तो पुढे आपल्या कामी येईल.

यावरून इंग्रजी समृद्ध आणि मराठी दरिद्री असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. नमते घेणे, पड खाणे, कच खाणे, शब्द फिरवणे, अंग काढून घेणे, काढता पाय घेणे, हात आखडता घेणे, तलवार म्यान करणे, नांगी टाकणे, शेपूट घालणे, गाशा गुंडाळणे : ही यादी शालेय पुस्तकांत 'वाक्प्रचार' म्हणून पाठ करून घेतली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. पण यांतला प्रत्येक वाक्प्रचार स्वतंत्र निवाडा करतो. नमते घेण्यात शहाणपण असू शकते. घरात भांडण झाले तर मोठ्याने नमते घ्यावे, असे आपण म्हणतोच. पड खाण्यात तडजोड आहे, कच खाण्यात ऐनवेळी सुटलेला धीर आहे, काढता पाय घेण्यात चलाखी आहे आणि शेपूट घालण्यात निव्वळ भय. 'बॅक आउट'साठी 'शब्द फिरवणे' याहून नेमका प्रयोग इंग्रजीतही नाही.

पाठीच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीच्या शेजारीच बसते. पाठबळ, पाठिंबा, पाठराखण, पाठीशी घालणे हे एका बाजूला, आणि पाठ दाखवणे, पाठ फिरवणे हे दुसऱ्या बाजूला. ज्याला आपण पाठिंबा देतो त्याच्याकडेच पाठ फिरवता येते. त्याला एक वळसा पुरतो.

'माघार' या शब्दाचा स्वभावही मुळात इतका कठोर नाही. 'माघारी येणे' म्हणजे परत येणे. पंढरीला गेलेला माणूस माघारी येतो, सासरी गेलेली मुलगी दोन दिवसांनी माघारी जाते. यात कसली नामुष्की? नामुष्की चिकटली ती 'घेणे' या क्रियापदाबरोबर आणि लढाईच्या संदर्भात. येथे मराठी व्याकरणातली एक सूक्ष्म सोय ध्यानात घेण्यासारखी आहे. 'त्याने माघार घेतली', 'त्याला माघार घ्यावी लागली' आणि 'त्याला माघार घ्यायला लावली' ही तीन वाक्ये एकाच घटनेबद्दल असू शकतात. पहिल्यात निर्णय त्याचा आहे. दुसऱ्यात परिस्थितीची सक्ती आहे, पण सक्ती करणारा अदृश्य आहे. तिसऱ्यात लावणारा कोणीतरी आहे, आणि तो कोण हे विचारल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. इंग्रजीला जे काम वेगवेगळ्या उपपदांनी करावे लागते, त्यातले पुष्कळसे मराठी सहायक क्रियापदांनी करते. सोय आहे, आपण ती वापरत नाही. मथळ्याला आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला पहिलेच वाक्य आवडते, कारण ते सर्वांत आखूड असते.

आता मुळशीकडे येऊ. पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्याशी, मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात भातखाचरे होती. मावळे शेतकरी पिढ्यान्पिढ्या तिथे भात पिकवत होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांची खोपोलीची जलविद्युत योजना १९१५ साली सुरू झाली होती आणि त्यानंतर मुळशीला धरण बांधण्याची योजना आली. तिचे यंत्रशास्त्र साधे आणि विलक्षण आहे. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे जाते, पुण्यापाशी मुठेला मिळते, पुढे भीमेतून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात. धरणाने ते अडवायचे, बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याखाली सोडायचे, पाचशे मीटरांच्या आसपासच्या उतारावर ते कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात पडले की त्यापासून वीज काढायची आणि पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला द्यायचे. म्हणजे आधी नदीलाच माघारी फिरवायचे होते. तिच्याबाबतीत हा शब्द कोणी वापरत नाही. अभियंत्यांच्या भाषेत पाणी 'वळवले' जाते.

जमिनी सरकारी कायद्याने संपादन होणार होत्या. पन्नासच्या आसपास गावांवर पाण्याचे सावट होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे, बायाबापड्यांसह, कामाच्या जागी जाऊन बसले. जमीन सोडायची नाही, मग प्राण गेले तरी चालेल, असा तो निर्धार होता. पांडुरंग महादेव बापट पुढे आले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव असे कार्यकर्ते होते. गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त या शेतकऱ्यांबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि टाटांनी नुसत्या कायदेशीर हक्कावर अडून न बसता या माणसांशी बोलावे, असे आवाहन केले. काही काळ काम थांबले, सत्याग्रहही थांबला. वर्षअखेरीला दुसरे पर्व सुरू झाले. तुरुंग भरले, फुटीही पडल्या. १९२४ अखेर लढा संपल्यात जमा होता. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

या साऱ्याचा सारांश बहुतेक ठिकाणी एका वाक्यात सापडतो : शेतकऱ्यांनी मोबदला स्वीकारला आणि सत्याग्रह मागे पडला. वाक्यात खोटे काही नाही. पण या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळी मागे येणी कोंबलेली आहेत, आणि ती सुटी केल्याशिवाय मुळशीत काय झाले हे कळत नाही.

पहिली कंपनीची. १९२१ च्या उन्हाळ्यात काम थांबले ते 'बॅक ऑफ' होते, 'बॅक डाउन' नव्हते. योजनेवरचा हक्क सोडला नव्हता, फक्त पहारीचा आवाज थांबला होता. भांडवलाला थांबणे परवडते. त्याच्यासाठी थांबणे हा खर्चाच्या पत्रकातला एक रकाना असतो. शेतकऱ्याला थांबणे म्हणजे पेरणीचा हंगाम. जूनमध्ये राब भाजलेला नसेल, रोप तयार नसेल, तर आषाढात लावणी कशाची करणार? तहकुबी दोन्ही बाजूंना सारखीच मिळाली, असे कागदावर दिसते. पण सहा महिने कंपनीच्या घड्याळात आणि मावळ्याच्या घड्याळात सारखे नसतात.

दुसरी जमिनीच्या कागदी मालकांची. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा पदर स्पष्ट केला आहे. कर्जापोटी खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती, आणि या मंडळींना जमिनीपेक्षा जमिनीचा पैसा जवळचा होता. मोबदल्याची रक्कम रास्त दिसू लागताच त्यांचा विरोध निवळला. त्यांच्यासाठी 'माघार' हा शब्द वापरणे म्हणजे त्यांना लढवय्ये ठरवणे. ते आघाडीवर होतेच कधी, की मागे यावेत? त्यांनी अंग काढून घेतले. इंग्रजीत सांगायचे तर तो शुद्ध 'बॅक आउट' आहे, आणि त्यांना 'फॉल बॅक' करायला, म्हणजे आधाराला, पुण्यातले वाडे आणि सावकारी दोन्ही होते. कुळाची जमीन गेली तेव्हा त्याच्या मागे काय होते? मागे डोंगर होता आणि पुढून पाणी चढत होते.

तिसरी राजकीय पुढाऱ्यांची. पुण्याच्या राष्ट्रीय वर्तुळाने मुळशीला पाठिंबा दिला, सभा घेतल्या, लेख लिहिले आणि अनेकांनी तुरुंगवासही सोसला. त्यांच्या त्यागाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पुढाऱ्यांत मतभेद वाढले, मोबदला मिळवून द्यावा की जमीनच राखावी यावर दोन मते झाली, शिवाय काँग्रेसमध्ये कायदेमंडळांत जावे की न जावे हा वाद उसळला आणि खोरे हळूहळू अजेंड्याच्या तळाला गेले. याला फितुरी म्हणता येणार नाही, शरणागतीही म्हणता येणार नाही. 'पाठ फिरवणे' हाच वाक्प्रचार येथे बसतो, कारण पाठ फिरवणाऱ्याच्या मनात पुष्कळदा वैर नसते. त्याचे तोंड फक्त दुसरीकडे वळलेले असते.

चौथी, तत्त्वासाठीची माघार. तिची दोन उदाहरणे याच काळात सापडतात. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधींनी बार्डोलीचा सविनय कायदेभंग तहकूब केला. ही कोणी लावलेली माघार नव्हती. स्वतःच्या फौजेला स्वतः थांबवण्याचा तो निर्णय होता. त्यासाठी मराठीत 'आंदोलन मागे घेतले' असे सकर्मक रूप आहे. माणूस मागे येत नाही, हातातली गोष्ट मागे घेतो. दुसरे उदाहरण थेट मुळशीशी जोडलेले. येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या काही सत्याग्रही कैद्यांनी ठरवून दिलेले काम करण्याचे नाकारले आणि त्यांना फटक्यांची शिक्षा झाली. गांधी तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्यांना त्या शिक्षेने वेदना झाल्या. पण सत्याग्रह्याने कैद पत्करली की तुरुंगाची साधी शिस्तही पत्करावी, काम नाकारणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे अन्यायापुढे हटू नये म्हणणारा माणूसच, चुकीच्या जागी अडून बसू नका, असे सांगत होता. कुठे हटावे आणि कुठे हटू नये, हा विवेक 'माघार' या एका शब्दात कोठून मावणार?

पाचवी बाब माघारीची नाहीच, माघार न घेण्याची आहे. बापट हटले नाहीत. पण हटले नाहीत म्हणजे होते तिथेच राहिले, असेही नाही. अहिंसक सत्याग्रहाने वाट निघत नाही असे दिसल्यावर त्यांनी आपली 'शुद्ध सत्याग्रहा'ची कल्पना मांडली, आणि डिसेंबर १९२४ मध्ये कंपनीची कामकऱ्यांना नेणारी आगगाडी सशस्त्र अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या निर्धाराबद्दल शंका नाही. पुढे १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हाच माणूस गोव्याच्या सत्याग्रहात पहिल्या तुकडीबरोबर चालत गेला. तरीही एक प्रश्न उरतो. ज्यांच्या जमिनीसाठी लढा होता, ते शेतकरी मोबदला घेऊन उठू लागले होते आणि सेनापती रुळांवर उभे होते. सैन्य मागे आणि सेनापती पुढे, हे चित्र उदात्त आहे आणि एकाकीही. 'कधीही माघार न घेणारा' हे विशेषण आपण सहज वापरतो. ज्याने आपले शरीर पणाला लावले त्याला ते शोभतेही. पण ज्याच्यावर पाच तोंडांचा संसार आहे, त्याला ते मापदंड म्हणून लावणे क्रूरपणाचे आहे. सेनापती बापटांच्या नावाचे रस्ते पुण्यात आणि मुंबईत आहेत. उठलेल्या मावळ्यांची नावे कोणत्या चौकाला दिली, हे शोधून पाहावे.

उरले ते मावळे. त्यांनी काय केले? 'माघार घेतली' हे पहिले वाक्य त्यांना लावले की वाटते, ते थकले, फुटले, पैशाला भुलले. 'घ्यावी लागली' म्हटले की करुणा येते, पण लावणारा कोण, हे झाकलेलेच राहते. 'घ्यायला लावली' असे लिहिले तरच पुढचे शब्द आपोआप मागावे लागतात : कोणी? मग एक लांबलचक कर्ता तयार होतो. भूसंपादनाचा कायदा, कर्जाचे कागद, जमिनीच्या मालकांचे सामंजस्य, पुढाऱ्यांचे वळलेले तोंड, पोलीस आणि चढते पाणी. एवढ्यांनी मिळून जे करायला लावले, त्याला शेतकऱ्याची 'माघार' म्हणणे म्हणजे ढकललेल्या माणसाला चालत गेला म्हणण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इतक्या बारकाईने शब्द वापरायचे ठरवले तर वर्तमानपत्र रोज निघायचे कसे? शिवाय शब्दाने काय होते? धरण तर झालेच. पहिल्या भागाचे उत्तर असे, की कर्ता लिहायला जागा लागत नाही, इच्छा लागते. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांब आहे.

शब्द बदलल्याने धरण मागे सरकले नसते, हे खरे. पण एका शब्दात सगळी मागे येणी कोंबली आणि त्या शब्दाला नामुष्कीचा डाग लावून ठेवला, की त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक संघर्षावर होतो. बलवानाला नमते घेणे अशक्य होऊन बसते, कारण दुसऱ्या दिवशी मथळा तयार असतो. दुबळ्याने मात्र माघार घ्यावी, हे इतके स्वाभाविक वाटते की त्याचा मथळाही होत नाही. गांधींनी एप्रिल १९२१ मध्ये केलेले आवाहन खरे तर बलवानाला होते : तुमचा हक्क असेल, पण तुम्ही नमते घ्या. मोठ्याने नमते घ्यावे, हा तर आपल्या घरातला नियम. मग तो घराबाहेर पडताच उलटा का होतो?

हा नियम मावळाच्या इतिहासालाही परका नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा राखले. १६७० पासून गेलेले किल्ले परत घेण्यास सुरुवात झाली. त्या तहाला आपण 'माघार' म्हणत नाही. तह म्हणतो, मुत्सद्देगिरी म्हणतो, कारण मागे यायला बारा किल्ले होते आणि पुढे जायला वेळ होता. ज्याच्या मागे किल्ला असतो त्याच्या मागे येण्याला डावपेच म्हणतात. ज्याच्या मागे काहीच नसते त्याच्या मागे येण्याला पराभव म्हणतात. हाच तो 'फॉल बॅक' आणि 'फॉल बॅक ऑन' यांच्यातला संबंध.

मुळशी तालुक्यातच याचे अलीकडचे प्रत्यंतर आहे. वरसगाव धरणाच्या काठावर लवासा हे डोंगरातले शहर वसवण्याचा प्रकल्प आला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत दाखल झाली. भांडवल अडचणीत येऊन मागे आले, तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्यात देणेकऱ्याच्या दारातली वसुली काही काळ थांबवण्याची तरतूद आहे, न्यायाधिकरण आहे, प्रशासक आहे आणि प्रतिष्ठित शब्दांचा एक कोशही आहे. त्याला कोणी 'माघार' म्हणत नाही. ही तरतूद वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. सभ्य समाजात मागे येण्याची सोय असलीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की १९२१ साली कर्जात बुडालेल्या कुळासाठी अशी कोणती सोय होती? आणि आज एखाद्या रस्त्यासाठी, विमानतळासाठी किंवा धरणासाठी ज्याच्या शेतात मोजणीच्या खुणा रोवल्या जातात, त्याच्यासाठी कोणती आहे?

म्हणून भाषेपुरती एक साधी शिस्त सुचवावीशी वाटते. एखाद्याने माघार घेतली असे लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. तो आधी खरोखर पुढे उभा होता का? नसेल, तर 'अंग काढून घेतले' किंवा 'शब्द फिरवला' असे लिहावे. त्याला कोणी लावले का? लावले असेल, तर लावणाऱ्याला वाक्यात जागा द्यावी. आणि मागे येऊन तो कुठे गेला? त्याच्यासाठी मागे काही होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे वेगळी आली, तर शब्दही वेगळे वापरावेत. ते आपल्याकडे आहेत. इंग्रजीच्या 'बॅक डाउन'ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. एकच प्रतिशब्द शोधणे हीच त्यातली गफलत आहे. कंपनी करते तेव्हा तो एक असतो, पुढारी करतो तेव्हा दुसरा आणि कूळ करते तेव्हा तिसरा.

'माघारी' या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या बोलण्यात आहे. एखादा माणूस नसताना किंवा गेल्यावर जे घडते, ते त्याच्या 'माघारी' घडते. आमच्या माघारी पोरांचे कोण करणार, असे म्हातारी माणसे विचारतात. मुळशीच्या जलाशयावर आज पुण्यामुंबईची माणसे सुट्टीला जातात, पाण्याचे फोटो काढतात आणि वीज अजूनही तयार होते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्याकडे वळवावे अशी मागणी होत असते, आणि तिची चर्चा घनफुटांत होते. हे सगळे त्या बुडालेल्या गावांच्या माघारी चालले आहे. निदान त्यांच्याबद्दल बोलताना, त्यांनी माघार घेतली, असे आपण म्हणू नये.